सव्वातीन क्विंटल देशी कापूस

११ जानेवारी २००७, गुरुवार

आज घडलं ते असं.

१. वीज सकाळी दहाला आली. संध्याकाळी सातला जाणार.
२. वेगळ्या लॉटसाठी ठेवलेल्या चार जिनांपैकी, म्हणजे सरकी काढायच्या मशीनपैकी, १, २, ३ चालू केल्या. ४ नंबर झाडून, पुसून रिकामी ठेवली.
३. फाटकाच्या आत तीन क्विंटलचा एक लॉट तोलून तयार होता. त्याला ४ दिली नाही.
४. अकरा वाजता लॉटवाले ओरडले. सव्वाअकराला मॅनेजर पुंडलिकराव आले. "मॅडम, चार नंबरनं गुरुवारचा उपास धरला काय?" मी म्हटलं, पाटणचा मोठा लॉट येतोय, काल निरोप आहे.
५. पाटणचा लॉट सव्वाबाराला आला. निरोप पाच क्विंटलचा होता. भरला सहा क्विंटल सत्तर किलो.
६. एका क्विंटलला एक तास. ६.५७ ला संपला. वीज जायला तीन मिनिटं.
७. तीन क्विंटलवाल्यांना २.२० ला १ नंबर मिळाली. त्यांचंही ५.२० ला झालं.

दहा वाजता ४ नंबर त्यांना दिली असती, तर ते एक वाजता सुटले असते. साफसफाईला चाळीस मिनिटं. मग पाटणचा लॉट रात्री ८.२२ पर्यंत गेला असता – म्हणजे अर्ध्यावर अडकला असता. अर्धा लॉट रात्रभर मशीनमध्ये ठेवायचा नाही, हा सेंद्रिय कापूस संघाचा नियम आहे. गावागावाचा कापूस वेगळा राहिला पाहिजे, नाहीतर संघाच्या दाखल्याला अर्थ नाही.

सव्वादोन तास उभी असलेली मशीन सगळ्यांना दिसली. ६.५७ कुणाला दिसलं नाही.

१२ जानेवारी

पाच सांगून सहा सत्तर कसे होतात?

१६ जानेवारी, मंगळवार

चारही मशीन सारख्या आहेत. एका कंपनीच्या, एका वर्षाच्या, वेगही एकच. त्यामुळे कोणता लॉट कोणत्या मशीनवर, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते कधी लावायचा याला. आणि ते ठरवायचं तर उद्या काय येणार ते आज कळलं पाहिजे. सगळं कळत नाही. गावाचं नाव, दिवस आणि एक आकडा, एवढंच कळतं. फोनवर नाहीतर एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठीने.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सर म्हणाले होते, अर्धी माहिती मिळाली तरी आंधळ्यापेक्षा बरं करता येतं, पण अर्धी आहे हे विसरायचं नाही. तेव्हा फक्त उतरवून घेतलं होतं.

आज सगळ्या चिठ्ठ्या वजनकाट्याच्या पावत्यांशी लावून पाहिल्या. चार सांगितले, साडेपाच भरले. तीनचे चार तीस. दोनचे दोन नव्वद. एकही जास्त सांगितलेला नाही. चुका असत्या तर दोन्ही बाजूंना असत्या.

१७ जानेवारी

३ नंबरवर कापूस लावणाऱ्या मानीबाईंना विचारलं. त्यांना या हॉलमध्ये एकोणीस वर्षं झाली. आधी हसल्या.

"काट्यावर चढ्याच्या आंधी पुरा आकडा तोंडातून काढत नसते बाई. नजर लागते! पाच असन तं तीन म्हणा, थोडासाच हाय म्हणा."

"पण मला मशीन ठेवायची असते ना."

"मशीनले काय, मशीनले नजर लागत नाई."

मग बाकीच्या बायांना ओरडून सांगितलं – "मॅडम आपली झाकली मूठ मोजून राह्यल्या वो!" सगळ्या हसल्या. मीही थोडी.

२० जानेवारी, शनिवार

बारा चिठ्ठ्या. अकरांचा हिशोब सरासरी १.४ ला येतो. एकच चिठ्ठी वेगळी – झरीकडच्या एका पोडाची, म्हणजे कोलामांच्या वस्तीची, दोन सांगितले, दोनच भरले. योगायोग असेल. गाळली. एका आकड्याने सरासरी बिघडते.

सोमवारपासून प्रत्येक आकड्याला १.४ ने गुणायचं.

२७ जानेवारी, शनिवार

आठवडा झाला. एकही लॉट अर्ध्यावर अडकला नाही. एकदाही मशीन तासाभरापेक्षा जास्त रिकामी राहिली नाही. पुंडलिकराव म्हणाले, "बराबर चालू हाय." त्यांच्याकडून हे बरंच झालं.

मानीबाईंचा सल्ला – "तुमच्या लग्नाले बी हेच गणित लावजा. फक्त उलटं. पोराकडचे पगार सांगतीन त्याले भागजा!"

घरी बाबांना सांगितलं. ते राजूरच्या खाणीतून पहिली पाळी करून आले होते. मान मागे टेकून ऐकत होते. म्हणाले, "लोक खोटं बोलतात ते तू मोजून ठेवलंस. बरं आहे." मी म्हटलं, खोटं नाही, रीत आहे. ते म्हणाले, "मग रीत सगळ्यांची एकच असते का?" मी जेवण वाढलं.

३१ जानेवारी, बुधवार

दुपारी एक बाई थेट हॉलमध्ये आली. चप्पल हातात. जमनीबाई, झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरून. चिठ्ठी नाही, फोन नाही, दोन बस बदलून स्वतः आली. पहिलं वाक्य: "मशीन पाहू द्या."

२ नंबर दाखवली. तिने रोलरमागे हात घातला, पट्टीवरून बोट फिरवलं, अडकलेली एक सरकी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"हे कोनाची हाय?"

मला माहीत नव्हतं.

त्यांचा कापूस देशी आहे. आखूड धाग्याचा, बोंडं लहान. पोडाच्या माळावर माती वीतभर. तिथे बीटी उभं राहत नाही, हे राहतं. पाऊस लांबला तरी राहतं. सहा घरं आहेत. त्यांना रुईची फिकीर नाही, रुई संघ घेऊन जाईल. त्यांना सरकी हवी – पेरायला. विकत मिळत नाही. आधी पोडावर हाताची चरखी होती, ती मोडली. म्हणून यंदा पहिल्यांदा इथे.

"सगळाच आणणार? थोडा घरी ठेवा ना."

"ठेवून काय करू? सरकी काढल्याबिगर बी कसं होईन?"

बरोबर होतं.

किती, विचारलं. "सव्वातीन क्विंटल."

मी मंगळवार, ६ तारीख दिली. दोन वाजता या, सात वाजायच्या आत सरकी घेऊन परत जा. तिने तारीख तीनदा म्हणून घेतली.

ती गेल्यावर तक्त्यात लिहिलं – ३.२५ गुणिले १.४. म्हणजे साडेचार तास आणि तीन मिनिटं. दोनला सुरू, ६.३३ ला शेवट. बसतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

२ नंबरवरचा सकाळचा लॉट ओला निघाला. हळू चालला. मशीन एकला सुटायची ती साफ होऊन २.४५ ला तयार झाली.

जमनीबाईंचा टेम्पो आलेला नव्हता. तीनला आला असता तरी माझ्या हिशोबाने ७.३३. तेहतीस मिनिटं जास्त. घोन्सा गटाचा चार क्विंटलचा तोललेला लॉट फाटकात होता. तो ६.४५ ला संपत होता. २.४५ ला तो लावला.

२.५५ ला टेम्पो आला. रस्त्यात टायर बसला होता. ३.१० ला काट्यावर चढला. वजन – तीन क्विंटल पंचवीस किलो. बरोबर तेवढंच. ना कमी ना जास्त.

मशीन रिकामी ठेवली असती, तर ३.१० ला सुरू होऊन ६.२५ ला संपला असता.

घोन्साचा थांबवून, मशीन पुन्हा साफ करून लावला असता तर ७.०५. पाच मिनिटं. बाकीच्या तिन्ही सातपर्यंत भरलेल्या. मी वहीत हे तीनदा मांडलं. तिन्ही वेळा ७.०५.

जमनीबाईंना म्हटलं, उद्या सकाळी दहाला पहिला नंबर तुमचा.

"आज म्हनले होते ना तुमी."

"हो."

टेम्पो भाड्याचा, त्याला परत जायचं होतं. बरोबरच्या दोघी त्यात गेल्या. ती राहिली. मानीबाई म्हणाल्या, "माह्या घरी चाल. दोन भाकरी जास्त थापतो."

कापूस लुगड्यांच्या बोचक्यांत होता. मी सांगितलं, बोचकी सोडा, बाहेरच्या ओट्यावर पसरा, ओल उडू द्या. निघताना तिने विचारलं, "ताडपत्री टाकू का वरून?" मी म्हटलं, नको, ओल कोंडेल.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सहाच्या सुमारास कारखान्याच्या मोठ्या हॉलसाठी, जिथे बाजारचा कापूस चालतो, बीटी कापसाची ट्रॉली आली. नवा ड्रायव्हर. चौकीदार चहाला गेलेला. त्याने ओट्यावर जागा दिसली तिथे ट्रॉली उलटली.

मी ९.२० ला पोचले. दोन ढिगांचा एक ढीग झाला होता.

जमनीबाई आधीच तिथे होती. उकिडवी बसून ढिगात कोपरापर्यंत हात घातलेला.

८ फेब्रुवारी

काल दिवसभर निवडत होत्या – जमनीबाई, आणि जेवणाच्या सुट्टीत मानीबाई. मी पण तासभर बसले. मला बारकाईने पाहावं लागत होतं. जमनीबाई बघत पण नव्हती, हातानेच ओळखत होती. देशीचं बोंड मुठीत दबतं आणि दबून राहतं, दुसरं फुलून वर येतं.

"मॅडमचे हात पुस्तकाचे हाय," मानीबाई म्हणाल्या.

"शिकतीन," जमनीबाई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बावीस किलो. आज तिने तेही नको म्हटलं. "याच्यात दोन-चार दाने गेलेच असतीन. पेरलं की फुलात मिसळते. तीन सालात सारं तेच होते. मंग आमचं काय राह्यलं?"

रिकाम्या लुगड्यांची घडी घालून घेऊन गेली. सहाच्या सहा.

१० फेब्रुवारी, शनिवार

पुंडलिकरावांनी संघासाठी अहवाल तयार केला. चार ओळी. शेवटची: "सदर ढीग शेतकऱ्याने उघडा ठेवला होता व त्यावर राखण नव्हती."

खाली दोन सह्यांची जागा. व्यवस्थापक, तांत्रिक पर्यवेक्षक.

मी दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता.

सही केली.

११ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. जुना तक्ता काढला. गाळलेली चिठ्ठी पाहिली. दोन सांगितले, दोन भरले. तेही पोडच होतं.

योगायोग नव्हता. माझ्याकडे बारा चिठ्ठ्या होत्या. अकरा एका रीतीच्या आणि एक दुसऱ्या. मी अकरांची सरासरी काढली आणि ती बाराव्याला लावली.

बाबांनी विचारलं, काय शोधतेस. म्हटलं, काही नाही. चंद्रपूरच्या स्थळाचा फोन येऊन गेला, म्हणाले. म्हटलं, नंतर.

१५ फेब्रुवारी

मशीन नीट चालू आहेत. १.४ काढून टाकला. प्रत्येक गावाचा वेगळा आकडा ठेवला. नवीन गाव आलं तर गुणत नाही, विचारते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

संघाचा सचिव प्रफुल्ल आला होता, रुईच्या गाठी पाहायला. मोटरसायकलवर सगळा तालुका फिरतो. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, पोडाच्या बियाण्याचं काय.

त्याने सांगितलं, संघाचं बियाणं-कोठार आहे. तीन वर्षांपूर्वी याच पोडाने दुसऱ्या एका गावाला हे देशी बी दिलं होतं. त्या गावाने यंदा एक क्विंटल सरकी कोठारात जमा केली आहे. म्हणजे बी आहे. सहा घरांना पुरेल इतकं आहे.

"मग द्या ना."

"नियम आहे ना ताई. ज्याचं बी त्याची चूक नसताना गेलं, त्याला कोठारातून मिळते. त्याच्याच हातून गेलं, त्याला नाई. नाईतर प्रत्येकजन म्हनन, माहं मिसळलं. वाटप १५ मार्चला."

"आणि हे कोणाच्या हातून गेलं, ते कसं ठरवता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमचाच तं अहवाल हाय."

२० फेब्रुवारी

पुंडलिकरावांना सांगितलं की अहवालात भर घालावी लागेल. ढीग माझ्या सांगण्यावरून उघडा होता.

"तुमी ताडपत्री नको म्हनल्या, हे कोनं ऐकलं?"

"मी."

"बस झालं मंग. तुमी ऐकलं, तुमच्यापाशी ठेवा." मग जरा मऊ आवाजात – "हे पाहा, कारखान्याची चूक निंगाली तं संघ पुढच्या साली लॉट देनार नाई. या चार मशीन बंद. चार बाया घरी. मानीबाई घरी. सहा घरासाठी?"

चार आणि सहा. मी मनात मांडून पाहिलं. हे गणित मला सुटत नाही. कदाचित ते गणित नाही.

२१ फेब्रुवारी

काही नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

जमनीबाई आली. पुन्हा दोन बस. प्रफुल्लने तिला पोडावर जाऊन सांगितलं होतं. या वेळी हॉलमध्ये आली नाही, फाटकापाशी उभी राहिली. मी बाहेर गेले.

"कागदावर लिवलं म्हनते, आम्ही ढीग उघडा ठेवला."

"हो."

"तुमची सही हाय?"

"हो."

वाटलं होतं ओरडेल. ती म्हणाली, "ठेवला तं होताच. खोटं नाई तेच्यात."

मग म्हणाली, "तुमी सांगतलं म्हनून ठेवला. हे बी खरं हाय. हे लिवलं का?"

"नाही."

"आज म्हनून उद्यावर ढकललं, ते?"

"नाही."

"मंग पुरं लिवा."

एवढंच. विनवणी नाही. मी तिला विचारलं – बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं – बाकी सगळे आकडा लपवतात, तुम्ही सव्वातीन बरोबर कसा सांगितला?

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा समजावला. तेव्हा म्हणाली, "सहा घराचं हाय ना. साऱ्याईच्या समोर तोललं. ज्याचं एकट्याचं हाय त्यानं लपवाव. साऱ्याईचं हाय ते कोनापासून लपवू?"

मानीबाईंनी तिला बाहेर चहा दिला. दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला हाक मारली नाही. मी गेलेही नसते.

२८ फेब्रुवारी

मानीबाईंना पुंडलिकराव काय म्हणाले ते सांगितलं. चार मशीन, चार बाया. त्यांना आधी माहीत असायला हवं, असं मला वाटलं.

कापूस लावता लावताच त्या बोलल्या. मशीनच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं – "मी गेलो तं दुसऱ्या जिनात जाईन. हातात काम हाय माह्या. तिनं काय पेराव, मॅडम, तुमचं पेन?"

बाया हसल्या. मी नाही.

२ मार्च, शुक्रवार

आज वह्या, पावत्या, तक्ता एकत्र लावला. पावत्यांवर वजन आहे, वेळ आहे. कोणी काय सांगितलं ते पावतीवर नाही. २.४५ ला मी काय धरून घोन्साचा लॉट लावला, ताडपत्रीला नको का म्हटलं – याची कारखान्यात कुठेही नोंद नाही. फक्त इथे आहे.

बाबांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच इतकं सलग. ते म्हणाले, "नोकरी जाईल." मी म्हटलं, बहुतेक. त्यांनी चष्मा पुसला. "जाऊ दे म्हणत नाही मी. जाईल म्हणतो, एवढंच."

५ मार्च २००७, सोमवार

श्री. प्रफुल्ल, सचिव, सेंद्रिय कापूस संघ, यांस –

१० फेब्रुवारीच्या अहवालावरची माझी सही मी मागे घेत आहे. त्यात लिहिलेलं खरं आहे, पण पुरं नाही. ६ फेब्रुवारीचं काम मी पुढे ढकललं. ढीग माझ्या सूचनेवरून उघडा होता. झाकू का, असं जमनीबाईंनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. पोडाची चूक नाही.

पुरावा म्हणून ११ जानेवारीपासूनची ही पानं वहीतून काढून जोडत आहे. ती तुमच्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यात घरचं आलं आहे, ते खोडलेलं नाही. खोडलं असतं तर बाकीच्यावर तुम्ही विश्वास का ठेवावा?

नक्कल आज सकाळी पुंडलिकरावांना दिली. उद्यापासून येऊ नका, असं ते म्हणाले. मशीनवरच्या बायांचा यात दोष नाही. पुढच्या वर्षी लॉट देण्याचं ठरवताना हे धरावं.

पोडाला कोठारातून बी मिळणार की नाही, हे सोमवार, १२ मार्चपर्यंत लेखी कळवावं. आधी जमनीबाईंना, मग मला.

– मैत्रेयी धम्मरत्न नगराळे, राजूर